कमानीखाली बोलायचं नाही

भोरची ती फेरी अगदी सोपी होती. पत्रकातच तसं छापलं होतं: अडीच किलोमीटर, सगळी सावली, चढ नाही, अख्ख्या वाटेत पायऱ्या चारच. एसटी स्टँडवरून निघायचं, बाजारपेठेतून बागेत, बागेतून देवळात, देवळातून नीरेच्या घाटावर, मग नदीकडेच्या झाडीतून जुन्या दगडी कमानीखालून थेट राजवाड्याच्या दारात. गुडघे कुरकुरणाऱ्या पुणेकरांसाठीच, पुण्याहून अशा फेऱ्या काढणाऱ्या सोनियानं ती आखली होती. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, धनगरवाड्यावर, शेरडांमागं कडे चढून लहानाची मोठी झालेल्या रत्नाला ही वाट म्हणजे अंगणच. दोन वर्षं ती लोकांना या वाटेनं नेत होती आणि तिचा पाय कधी अडखळला नव्हता.

पण त्या माघातल्या रविवारी तिला ही वाट नको होती. कारण गुरुवारी ती बागेतून घरी येताना कमानीखालून गेली, सहज वर बघितलं, आणि जिथल्या तिथं उभी राहिली. कमानीच्या पोटाला, बरोबर मध्यावर, सुपाएवढं काळंभोर काहीतरी लटकत होतं आणि त्याच्या अंगावरून लाट फिरत होती.

आग्या मोहोळ. आपण म्हणू, आपल्याला कोण अडवतंय. रत्ना मात्र ते नाव घेत नसे. तिच्या माहेरी ते नाव घ्यायची बंदी होती, आणि ती बंदी तिच्यामुळंच आली होती.

ती नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. तिचा बाप गेनबा कड्यावरचा मध काढायचा. एका दुपारी रत्ना आणि तिचा सहा वर्षांचा भाऊ गोरख त्याची भाकरी घेऊन कड्याखाली गेले. गेनबा दगडाला टेकून बसला होता. रत्नानं वर बघितलं आणि मोठ्यांदा म्हणाली, "आबा, केवढं मोठं मोहोळ!" तिचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं, तोच वरून घोंघावत काळं आभाळ खाली आलं. गेनबानं जवळ असलेल्या रत्नावर घोंगडी टाकली आणि तिच्यावर आडवा झाला. गोरख घाबरून पळत सुटला. घोंगडीच्या अंधारात तिला त्याचं ओरडणं ऐकू येत होतं, आणि मग ते ऐकू येईनासं झालं.

तिसऱ्या दिवशी वाडा जमला तेव्हा कुणीतरी विचारलं, असं कसं उठलं? गेनबा म्हणाला, "पोरीनं नाव घेतलं. खाली हुबं ऱ्हाऊन त्याचं नाव घेऊ न्हाई, आमच्या म्हाताऱ्याचं सांगनं हुतं." एवढंच. कुणी रत्नाला बोललं नाही, मारलं नाही. पण तिची आई बाळाबाई त्या दिवसापासून तिच्याकडं बघून बोलली नाही. भाकरी वाढायची तेव्हा ताटाकडं बघायची, केस विंचरायची तेव्हा केसांकडं. चार वर्षांपूर्वी बाळाबाई गेली तीही भिंतीकडं तोंड करून. गेनबानं तर त्या दिवसापासून विडी सोडली. दिवसाला दोन कट्टे ओढणारा माणूस, एका रात्रीत! लोक म्हणाले, लेकराच्या दुःखानं नवस केला असंल.

तर असं ते नाव. तीस वर्षं रत्नाच्या जिभेला ते शिवलं नव्हतं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. रत्नानं तर ताकाचं नावही टाकलं होतं.

आणि आता ते कमानीत होतं, आणि रविवारी पुण्याहून चौदा माणसं यायची होती. त्यात आणखी एक मेख होती. ती कमान लोकांना आवडायची ती तिच्या आवाजासाठी. खाली उभं राहून टाळी वाजवली की कमान ती तीनदा परत द्यायची. हे रत्नानंच पहिल्यांदा सोनियाला दाखवलं होतं, आणि सोनियानं हौसेनं पत्रकात छापलं होतं: "कमानीखाली टाळी वाजवा आणि गंमत ऐका!"

शनिवारी तिनं सोनियाला फोन केला.

"ताई, उद्या कमानीखालनं नको. वरच्या रस्त्यानं जाऊ."

"का गं? वरून साठ पायऱ्या आहेत. यातल्या निम्म्यांचे गुडघे बदललेत."

"तिथं पाय घसरतोय."

"पाऊस संपून चार महिने झाले, कसा घसरतोय?"

रत्नाच्या तोंडात शब्द आला आणि दातांशी येऊन थांबला. फोनवरून काय होणार होतं? कमान तिथं लांब होती, ती स्वतःच्या ओट्यापाशी उभी. तरी तिनं दाराबाहेर डोकावून आभाळ बघितलं. मग म्हणाली, "बरं, बघते मी." सोनिया म्हणाली, "रत्ना, तू आहेस ना, मग मला काळजी नाही." अशा वाक्यानं माणसाला धीर येतो असं म्हणतात. रत्नानं फोन ठेवला आणि पुन्हा आभाळ बघितलं.

गेनबा त्या आठवड्यात तिच्याकडंच होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यांवर काळा चष्मा, दोन हातांपलीकडचं नीट दिसत नव्हतं. संध्याकाळी तिनं त्याला हळूच सांगितलं, "आबा, कमानीत हाय. त्ये." गेनबानं घास खाली ठेवला. मग म्हणाला, "सकाळच्या गारव्यात ने. ऊन लागायच्या आत. अत्तर नगं, इडी नगं, वरडनं नगं. म्या बी येतो."

"तुमाला दिसत न्हाई, तुमी कशाला?"

"येतो म्हनलं ना."

ठरल्या वेळी, साडेसातला, स्टँडवर रत्ना उभी राहिली. बापाचा हात तिच्या कोपराला. लोक आले नवाला. वाटेत मिसळ खायला थांबले होते, आणि थांबले ते ताकही पिऊन आले. सोनियासकट चौदाजण हसत खेळत उतरले. गुडघ्यांना टोप्या, डोक्याला टोप्या, गळ्यात बाटल्या. रत्नानं उन्हाकडं बघितलं. डेपोच्या पत्र्यावर ते चांगलं चमकायला लागलं होतं.

तिनं त्यांना घाईनं हाकलायचा प्रयत्न केला, पण पुण्याचं माणूस हाकललं जात नाही. बाजारपेठेत दोघींनी चाळण्या घेतल्या. बागेत चिंचेखाली फोटो झाले. देवळात एकानं नंदीचं वय विचारलं आणि दुसऱ्यानं ते चूक ठरवलं. पुढं राजवाड्यात कुठल्या कुठल्या सिनेमाचं शूटिंग झालं यावर घाटावर अर्धा तास चर्चा. या सगळ्यांत पुढं होते आनंदराव, सत्तरीचे, निवृत्त हेडमास्तर, हृदयासाठी छातीत दोन नळ्या घातलेले. हे त्यांनी स्टँडवरच सगळ्यांना सांगून टाकलं होतं, काहीशा अभिमानानं. पत्रक त्यांच्या हातात होतं आणि ते एकेक ओळ मोठ्यांदा वाचून तिच्यावर बोट ठेवत होते. काही चुकायला नको म्हणून.

"रत्नाबाई, पुढं कमान ना? टाळीची?" त्यांनी विचारलं.

"व्हय," रत्ना म्हणाली, "पण आज टाळी नाही, सर."

"का बरं?"

"आज तिथं बोलायचंच नाही. आमच्याकडची पद्धत आहे."

"वा!" आनंदराव खूश झाले. "लोकपरंपरा! ऐकलंत का हो, इथं मौन पाळायची परंपरा आहे." लोकांनी माना डोलावल्या. कुणी कारण विचारलं नाही. परंपरेला कारण विचारायचं नसतं हे शिकलेल्या माणसाला न शिकलेल्यापेक्षा जास्त पटलेलं असतं.

सगळ्यांना सांगितलं, आता होईल नीट, असं रत्नानं मनाला बजावलं. पण मनाला ठाऊक होतं की तिनं काहीच सांगितलेलं नाही. विहिरीला कठडा नाही हे न सांगता नुसतं "इकडं येऊ नका" म्हणावं, तसं झालं होतं.

साडेदहाला ते झाडीत शिरले. करंजाची गार सावली, बाजूला नीरेचं थोडकं पाणी, दगडांवर बगळे. यापेक्षा सुंदर जागा भोरात नाही. रत्नाला त्यातलं काही दिसत नव्हतं. तिला दिसत होतं ते समोरच्या कमानीवर पडलेलं ऊन. दगड तापले होते. आणि ती जवळ गेली तसं तिला ऐकूही आलं, लांबून पिठाची गिरणी ऐकू यावी तसं, बारीक, न थांबणारं. गेनबाची बोटं तिच्या कोपरात रुतली. त्यालाही ऐकू येत होतं.

"आबा, तुमी हितंच थांबा," ती कुजबुजली.

"म्या मागनं येतो. तू म्होरं हो. कुनाचा तरी हात दे माझ्या हातात."

आनंदरावांनी आपणहून हात दिला. "या आजोबा," ते म्हणाले, स्वतः आजोबा असून.

रत्नानं ओठांवर बोट ठेवलं आणि पुढं झाली. कमान तीस पावलांची, बोगद्यासारखी. खाली अंधार, गारवा, आणि वर, तिच्या डोक्यापासून फार तर दोन पुरुष उंचीवर, ते. तिनं वर बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण मान आपोआप वळली. एक लाट आली, काळ्यावर रुपेरी, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि विरली. गोरखची चड्डी निळी होती. इतक्या वर्षांनी तिला ती चड्डी आठवली, तिची नाडी, पळताना मागं उडणारी.

एकेक माणूस बाहेर पडत होतं. सोनिया. मग चाळण्यांच्या दोघी, पिशव्या छातीशी धरून. मग तो नंदीचं वय विचारणारा. रत्ना कमानीच्या त्या तोंडाशी उभी राहून एकेकाला हातानंच पुढं ढकलत होती. एका बाईंच्या अंगाला अत्तराचा घमघमाट होता. त्या शेजारून गेल्या आणि वरचा आवाज जरा चढला. रत्नानं श्वास धरला. आवाज उतरला. बारा झाले. तेरावी बाई काठी टेकत आली. काठीला खाली रबर होतं, देव पावला.

राहिले दोघं. गेनबा आणि आनंदराव, मागं, हातात हात. ते बरोबर मध्यावर आले आणि आनंदराव थांबले.

त्यांनी मान वर केली. डोळे बारीक केले. अंधारात त्यांना काही दिसलं नसावं. दिसलं असेल तरी, कमानीला कसला तरी काळा डाग, ओल असेल. त्यांनी पत्रकाकडं बघितलं. मग मागंपुढं बघितलं आणि ओठांत हसले. शाळेत आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प बसवलेला माणूस, त्याला कुणीतरी आज गप्प केलं होतं. बाकीचे गेले, आता कुणाची परंपरा मोडते? एकच टाळी. पुण्याहून आलोय एवढ्यासाठी. त्यांनी गेनबाचा हात सोडला, पत्रक काखेत धरलं आणि दोन्ही तळवे एकमेकांसमोर आणले.

रत्ना पंधरा पावलांवर होती. धावली असती तर दगडावर चपला वाजल्या असत्या, आणि तरी पोचली नसती. तिनं हात हलवले. तिच्या पाठीमागं ऊन होतं, आनंदरावांना ती नुसती सावली दिसत असणार. तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली. तीस वर्षं ज्या शब्दाला तिनं कुलूप घातलं होतं, त्याची किल्ली आता तिला सापडेना. नाव घेतलं तर ते उठेल, बाप खाली, म्हातारा खाली, दोन नळ्या छातीत. नाही घेतलं तर टाळी पडेल. तळवे लांब झाले, वाजवण्याआधी होतात तसे.

"सर, वर मोहोळ आहे," रत्ना म्हणाली. "आग्या मोहोळ. हात खाली घ्या."

ओरडली नाही. घरात बोलावं तसं बोलली. पण कमान ती कमान. तिनं ते शब्द उचलले आणि परत दिले, मोहोळ, मोहोळ, मोहोळ, तीनदा, प्रत्येक वेळी थोडं लांबून.

रत्नानं डोळे मिटले. घोंगडीतला अंधार आला. आता येईल. आता.

काही आलं नाही.

तिनं डोळे उघडले तेव्हा वर एक लाट फिरत होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत, मघासारखीच. मग तीही थांबली. आनंदरावांचे हात तसेच अधांतरी होते आणि चेहरा राखेसारखा झाला होता. ते हळूहळू हात खाली घेत गेले, जणू हातांत काचेचं भांडं होतं. मग त्यांनी गेनबाचं बोट धरलं आणि दोघं पंधरा पावलं चालून बाहेर आले. त्यांना किती वेळ लागला देव जाणे. रत्नाला तेवढ्यात गोरखचा अख्खा चेहरा आठवला, जो बरीच वर्षं आठवत नव्हता.

बाहेर आल्यावर आनंदराव कडेच्या दगडावर बसले. "बाई," ते म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत? परंपरा काय, पद्धत काय! मोहोळ आहे म्हणाला असतात तर मी खोकलोसुद्धा नसतो."

"चुकलं, सर," रत्ना म्हणाली. खरोखरच चुकलं होतं. सोनियानं त्यांना पाणी दिलं, छातीवर हात ठेवून बघितलं, आणि रत्नाकडं अशा नजरेनं बघितलं की ते बोलणं नंतर होणार हे दोघींनाही कळलं. मग ती सगळ्यांना घेऊन राजवाड्याकडं हळूहळू निघाली.

गेनबा करंजाखाली मातीत बसला होता. चष्मा काढला होता. त्याचा उजवा हात पुन्हा पुन्हा सदऱ्याच्या वरच्या खिशाकडं जात होता. विड्यांचा तो खिसा तीस वर्षं रिकामा होता.

रत्ना त्याच्यासमोर उकिडवी बसली. तिच्या जिवात जीव आला होता, पण तो नीट बसत नव्हता.

"आबा, म्या नाव घेतलं."

"ऐकलं."

"कमानीनं आनखी तीनदा घेतलं."

गेनबा बोटांनी माती उकरू लागला.

"त्ये उठलं न्हाई."

नदीवर एक बगळा उडाला. गेनबाचा हात पुन्हा खिशाकडं गेला, आणि या वेळी रत्नानं तो हात बघितला. बघत राहिली. आता जी भीती वाटली ती कमानीखालच्या भीतीहून मोठी होती. विचारू नये असं तिला वाटलं. पण आज एकदा तोंड उघडलेलं होतं.

"त्या दिशी तुमी इडी पेटवली हुती का?"

गेनबाची मान खाली गेली. "काडी वडली आन तू बोललीस," तो म्हणाला, "एकाच टायमाला. धूर वर जाताना म्या बघत हुतो. माझं काम त्ये, मला काय ठावं नव्हतं व्हय? पन तलप आली." त्यानं डोळे पुसले; ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पाणी लावायचं नव्हतं. "लोकांनी इचारलं, आन माझ्या तोंडात आलं, पोरीनं नाव घेतलं म्हनून. म्हाताऱ्याचं सांगनं बिंगनं काय नव्हतं. वाटलं, नऊ वर्साच्या पोरीला कोन काय म्हननार हाय? माझं नाव आलं आसतं तर तुझी आय माझ्याकडं जलमभर बघितली नसती."

"माझ्याकडं बघितली न्हाई ती, आबा," रत्ना म्हणाली.

"व्हय."

"जाताना तरी तिला सांगितलं का?"

गेनबानं मान हलवली. नाही.

पुढं राजवाड्याच्या बाजूनं सोनियानं हाक मारली. लोक थांबले होते. रत्ना उठली, पदराला लागलेली माती झटकली. गेनबा धडपडत उभा राहिला, चष्मा लावला आणि सवयीनं तिच्या कोपरासाठी हात पुढं केला. रत्नानं त्या हाताकडं बघितलं. हाच हात होता, घोंगडी टाकणारा. काडी ओढणाराही हाच. तिनं कोपर दिलं नाही. ती पुढं चालू लागली, आणि तो हात तसाच हवेत चाचपत तिच्या पावलांच्या आवाजामागं येऊ लागला.

राजवाड्याच्या दारात, अख्ख्या वाटेतल्या त्या चार पायऱ्यांपाशी ती पोचली. एक चढली. दुसरी चढली. मागचं पाऊल जवळ येताना तिनं ऐकलं आणि ती थांबली, मागं न वळता.

"आबा," ती म्हणाली, "पायरी हाय."